साधं हार्ट रेट घड्याळ घेण्याआधी: हे यंत्र आलं कुठून

पावसाळा लागला की जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते आणि रनिंग ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, की मला फार फीचर्स नकोत, फक्त हार्ट रेट नीट दाखवणारं एक साधं घड्याळ हवंय, कुठलं घेऊ? मग मॉडेलची नावं पडायला लागतात, कोणी डिस्काउंटची लिंक टाकतं, पण बॉक्सवर जे छापलेलं असतं, म्हणजे झोन, मॅक्स हार्ट रेट, ऑप्टिकल सेन्सर, चेस्ट स्ट्रॅप सपोर्ट, ते सगळं कुठून आलं हे कोणी सांगत नाही. मला वाटतं तेच आधी कळायला हवं, कारण यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी ठरावीक अडचणीवरचं उत्तर आहे, आणि ती अडचण तुमची आहे का हे बघितलं की घड्याळ निवडणं बरंच सोपं होतं.

नाडी बघणं आपल्याकडे जुनंच. शार्ङ्गधर संहितेत नाडीची चाल जळू-सापासारखी, बेडूक-कावळ्यासारखी, हंस-पारव्यासारखी अशी वर्णन केलीय. पण तिथे बघायची ती चाल, आकडा नव्हे. मिनिटाला किती ठोके हे मोजायला मिनिट मोजणारं यंत्र लागतं, आणि सेकंद काटा घड्याळात सर्रास नव्हता तेव्हा, १७०७ च्या सुमारास, जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्लिश डॉक्टरने खास नाडीसाठी बरोबर एक मिनिट चालून थांबणारं घड्याळ बनवून घेतलं. म्हणजे नाडी आणि घड्याळ यांची जोडी तीनशे वर्षांची आहे.

ट्रेनिंगमध्ये ठोके आले ते १९३० च्या दशकात जर्मनीत. कोच वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबुर्गचे हृदयाचे डॉक्टर हान्स राइन्डेल यांनी इंटरव्हल ट्रेनिंग ठोक्यांवर बांधलं. धावून नाडी १८० च्या आसपास न्यायची, मग थांबायचं, आणि ती १२० वर यायला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर समजायचं की मारलेला राउंड फार जोरात किंवा फार लांब झाला, पुढचा कमी करा. गेर्शलरचा धावपटू रुडोल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला, आधीचा वर्ल्ड रेकॉर्ड तब्बल १.८ सेकंदांनी मोडला आणि तो १९५५ पर्यंत टिकला. हे सगळं मानेवर किंवा मनगटावर बोट ठेवून.

आणि खरी गोची त्या बोटातच होती. धावता धावता नाडी मोजता येत नाही, थांबावं लागतं, आणि थांबलं की काही सेकंदांतच ठोके उतरायला लागतात, तंदुरुस्त माणसाचे तर भराभर. मग घाईने दहा सेकंद मोजून सहाने गुणायचं, त्यात एक ठोका चुकला तर आकडा सहाने हलतो. म्हणजे जो आकडा हवाय, धावत असतानाचा, तोच नेमका हातातून निसटतो.

हॉस्पिटलमध्ये तोवर हृदयाची वीज मोजता यायला लागली होती. नेदरलँड्सच्या लायडनमध्ये विलेम आइन्टहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ईसीजीचं यंत्र केलं, त्याबद्दल त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं, पण ते यंत्र शेकडो किलोचं, चालवायला माणसं लागायची आणि पेशंटने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. पुढे अमेरिकेत मोंटानामध्ये नॉर्मन होल्टर यांनी १९४७ मध्ये चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओने पाठवून दाखवला, पाठीवरचा तो संच सुमारे ३८ किलोचा. आज डॉक्टर २४ तासांसाठी ईसीजी नोंदवणारा जो होल्टर लावतात तो याच माणसाच्या नावाचा. पण ३८ किलो पाठीवर घेऊन कोण धावणार?

उत्तर फिनलंडमधून आलं आणि ते स्कीइंगमुळे आलं. ओउलू हे शहर उत्तरेकडे, तिथल्या युनिव्हर्सिटीत सेप्पो सॅयनॅयाकांगास हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक. १९७० च्या दशकाच्या मध्यात क्रॉस कंट्री स्कीइंगच्या एका कोचशी त्यांचं बोलणं झालं आणि कोचची तक्रार हीच होती, खेळाडूचे ठोके सराव चालू असताना कळत नाहीत. १९७७ मध्ये त्यांनी पोलार इलेक्ट्रो ही कंपनी काढली. सुरुवातीला बोटाच्या टोकाला लावायचं बॅटरीवरचं यंत्र झालं, पण बर्फात काठ्या मारणाऱ्या माणसाच्या बोटावर असं काही टिकणं कठीणच. १९८२ मध्ये स्पोर्ट टेस्टर पीई २००० आलं, छातीवर सेन्सर, मनगटावर घड्याळ, मध्ये वायर नाही. जगातलं पहिलं वायरलेस, अंगावर घालून धावता येणारं हार्ट रेट मॉनिटर म्हणून हेच ओळखलं जातं.

यात काय होतं ते जरा नीट बघू, कारण आजच्या साध्यातल्या साध्या चेस्ट स्ट्रॅपमध्येही तेच तत्त्व आहे. हृदयाचा खालचा मोठा कप्पा आकुंचन पावताना विजेचा एक टोकदार झटका उठतो, ईसीजीच्या कागदावर जो उंच सुळका दिसतो तो. छातीवरच्या पट्ट्यातले दोन इलेक्ट्रोड तो पकडतात, आणि दर ठोक्याला घड्याळाकडे एक चुंबकीय स्पंद जातो, साधारण ५ किलोहर्ट्झवर. घड्याळ दोन स्पंदांमधला वेळ मोजतं आणि त्यावरून मिनिटाचा आकडा काढतं. इलेक्ट्रोड ओले लागतात म्हणून पट्टा लावण्याआधी पाणी लावायला सांगतात, मुंबईच्या दमट हवेत पाचव्या मिनिटाला घामच ते काम करतो. पल्ला जेमतेम मीटरभर, त्यामुळे शेजारी धावणाऱ्याचा पट्टा तुमच्या घड्याळात घुसायचा आणि मधेच २२० वगैरे आकडा दिसायचा, त्यावर उपाय म्हणून पुढे प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा कोड देणारे मॉडेल आले. या जुन्या पद्धतीचा एक मोठा फायदा मात्र आजही आहे, हा सिग्नल पाण्यातून जातो. आजचे पट्टे घड्याळाला जोडणाऱ्या ब्लूटूथ आणि एएनटी प्लस या वायरलेस पद्धती दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे टिकत नाहीत. पोहतानाचे ठोके पट्ट्यावरून लाइव्ह बघायचे असतील तर हा फरक माहीत असायलाच हवा.

यंत्र आलं तसं त्याभोवती शास्त्र उभं राहिलं. इटलीत फेर्रारा इथले फ्रांचेस्को कोन्कोनी यांनी १९८२ मध्येच वेग वाढवत नेऊन ठोक्यांचा आलेख कुठे वाकतो ते बघायची टेस्ट मांडली. फ्रांचेस्को मोझर हा सायकलपटू त्यांच्या देखरेखीखाली तयारी करून जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर गेला आणि ठोक्यांवरच्या ट्रेनिंगचा सगळीकडे बोलबाला झाला. पूर्ण चित्र मात्र सांगायला हवं, मोझरने त्या प्रयत्नासाठी रक्त चढवून घेतल्याचं नंतर मान्य केलं, तेव्हा त्यावर बंदी नव्हती, आणि आलेखाचा तो वाक प्रत्येकात दिसतोच असं नाही हेही पुढच्या अभ्यासांत निघालं.

आता झोनकडे, म्हणजे मॅक्सच्या टक्केवारीवरून पाडलेल्या ठोक्यांच्या टप्प्यांकडे येऊ, कारण घड्याळ घेतल्यावर लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बहुतेक घड्याळं वय विचारतात आणि २२० वजा वय करून मॅक्स, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, ठरवतात. हे सूत्र १९७० च्या आसपास अमेरिकेत सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या संशोधकांनी, हृदयरोग्यांना व्यायाम कितपत सुरक्षित या कामासाठी, दहाएक अभ्यासांतले आकडे एकत्र ठेवून त्यातून एक ढोबळ रेघ ओढली तिथून आलंय. खेळाडूंसाठी ते नव्हतंच, आणि स्वतः हॅस्केल यांनी पुढे सांगितलं की ट्रेनिंगवर राज्य करणारा नियम म्हणून ते कधी मांडलेलं नव्हतं. एकाच वयाच्या माणसांत खरा मॅक्स दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नॉर्मल आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा ०.७ गुणिले वय असं सुधारित सूत्र दिलं, चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० च देतात पण साठीत पहिलं १६० म्हणतं आणि दुसरं १६६. तरी तीही सरासरीच. त्यामुळे वयावरून आलेला मॅक्स पुसून स्वतःचा आकडा हाताने टाकता येतो का, हे घड्याळ घेताना मी सगळ्यात आधी बघेन. (चाळिशीच्या पुढे असाल किंवा हृदयाचा काही इतिहास असेल तर मॅक्स शोधायला जीव तोडून चढ धावू नका, आधी डॉक्टरकडे स्ट्रेस टेस्ट करा.)

दुसरा आकडा विश्रांतीचा. फिनलंडचेच मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलं की टक्केवारी नुसत्या मॅक्सची न काढता मॅक्स आणि विश्रांतीच्या ठोक्यांमधल्या अंतराची काढावी. फरक किती पडतो बघा. मॅक्स १८५ आणि सकाळी उठल्यावरचे ठोके ६० असतील तर मॅक्सचे ६० टक्के म्हणजे १११, पण कार्व्होनेनच्या हिशेबाने ६० टक्के म्हणजे १३५. एकाच माणसाचं एकच 'साठ टक्के', आणि मध्ये २४ ठोक्यांचा फरक! एका घड्याळावर तुम्ही झोन २ मध्ये असता आणि मित्राच्या घड्याळाच्या सेटिंगवर झोन ३ मध्ये, आणि दोघं उगाच वाद घालत बसतात.

मनगटावरचा हिरवा दिवा, म्हणजे ऑप्टिकल सेन्सर, ही गोष्ट मात्र पूर्ण वेगळ्या घराण्यातली. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट बघायची पद्धत अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात शास्त्रशुद्ध केली, १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याच तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली, आणि कोविडमध्ये तो चिमटा आपल्या घराघरात आला. बोटावर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश असतो, मनगटावर बहुतेक करून हिरवा, कारण रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं आणि हलतानाही सिग्नल त्यातल्या त्यात बरा मिळतो. २०१३ मध्ये कॅनडाच्या मिओ कंपनीचं अल्फा हे पट्ट्याशिवाय धावताना ठोके दाखवणारं घड्याळ आलं, २०१५ मध्ये गार्मिनने मिओचाच सेन्सर एका मॉडेलमध्ये घातला, त्याच वर्षी ॲपल वॉच आलं, आणि बघता बघता पट्टा बॉक्समधून गायबच झाला.

सोय झाली, नक्कीच. विशेषतः स्पोर्ट्स ब्राच्या खाली पट्टा काचतो म्हणून वैतागलेल्या बायकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण पट्टा हृदयाची वीज मोजतो आणि दिवा मनगटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट मोजतो, त्यामुळे हात हलला, घड्याळ सैल असलं, थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या, जागेवर टॅटू असला, की आकडा घसरतो. गडद त्वचेतलं मेलॅनिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. आणि एक नेहमीचा घोटाळा म्हणजे सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो, मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर आरामात धावतानाही १७० दाखवत राहतो आणि माणूस घाबरतो. स्थिर इझी रनला मनगटावरचं पुरतं, इंटरव्हलला ते मागे पडतं, तुमचा ४०० मीटरचा राउंड संपत येतो तेव्हा कुठे आकडा वर पोचतो.

यात आपल्या हवेची भर आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, रक्त त्वचेकडे वळतं, शरीरातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि वेग तोच असून तासाभराने ठोके दहा-पंधराने चढलेले असतात. ऑक्टोबरात मरीन ड्राइव्हला लाँग रन करणाऱ्याला हा अनुभव येतोच. ओउलूच्या बर्फात ठरवलेले झोन इथे जसेच्या तसे पाळायचे म्हटलं तर शेवटचे किलोमीटर चालावं लागेल, आणि हळू धावावं लागतंय म्हणून वाईट वाटायचं काहीच कारण नाही, शरीरावरचा ताण खरोखर तेवढा असतो.

म्हणून ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं: स्वस्तातलं मॉडेल घ्या, नकाशे, गाणी, पेमेंट नसलं तरी चालेल, पण त्याला बाहेरचा चेस्ट स्ट्रॅप जोडता येतो का हे दुकानात विचारून घ्या. बऱ्याच फिटनेस बँडना तो जोडताच येत नाही आणि ते बॉक्सवर लिहिलेलं नसतं. मॅक्स आणि विश्रांतीचे ठोके हाताने टाकता यायला हवेत, धावताना एका स्क्रीनवर ठोक्यांचा आकडा मोठा दिसायला हवा, आणि पट्ट्याची बॅटरी बदलता येणारी, साध्या गोल सेलची असली तर उत्तम. पट्टा प्रत्येक रननंतर नळाखाली धुवा, घामाच्या मिठाने इलेक्ट्रोड लवकर खराब होतात आणि मग आकडे उड्या मारायला लागले की लोक नवीन घड्याळ शोधायला लागतात, जेव्हा बदलायचा असतो फक्त पट्टा.