बिघाड टेपचा की ड्राइव्हचा? टेप लायब्ररीची पार्श्वभूमी

टेप ड्राइव्ह म्हणजे संगणकातली माहिती चुंबकीय टेपवर लिहिणारं-वाचणारं यंत्र, आणि एलटीओ हा त्या टेपचा एक प्रकार. आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर एकच अक्षर दाखवणारी इवलीशी खिडकी असते. तिच्यात १ आला तर ड्राइव्ह तापलाय. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला आणि सर्व्हर रूमचा एसी दमला, की या आकड्याची धास्ती असते. ५ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर, ७ म्हणजे टेप खराब, ‘सी’ म्हणजे हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) साफ करा. आणि ६? ‘ड्राइव्ह किंवा टेप.’ म्हणजे दोषी कोण, हे यंत्रालाही ठरवता आलेलं नाही. मला तर हाच सगळ्यांत प्रामाणिक कोड वाटतो. टेप लायब्ररीच्या, म्हणजे खणांत ठेवलेल्या अनेक टेपा रोबोने ड्राइव्हला लावणाऱ्या यंत्रणेच्या, दुरुस्तीतलं निम्मं डोकं याच एका प्रश्नावर खर्च होतं, आणि हा प्रश्न का उरला, ते पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१९५१च्या युनिव्हॅक संगणकाची टेप धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने ७२६ हा ड्राइव्ह आणला, त्यात प्लास्टिकची टेप. ती झटक्यात सुरू होताना आणि थांबताना तुटू नये म्हणून रीळ आणि हेड यांच्यामध्ये निर्वात नळकांडी बसवली होती. टेपचा सैल वेढा त्यात ओढलेला राहायचा, त्यामुळे धक्का टेपवर न येता वेढ्यावर जायचा. रीळ चढवायला माणूस लागायचा. टेपची कड चुरगळलीय का, रीळ नीट बसलंय का, मोटरचा आवाज बदललाय का, हे त्याच्या लक्षात यायचं. त्या काळी निदान म्हणजे मुख्यतः हा ऑपरेटर.

मग त्याला खोलीबाहेर काढायची खटपट सुरू झाली. १९७४मध्ये आयबीएमने ३८५० ही यंत्रणा जाहीर केली. पोळ्यासारख्या षट्कोनी खणांत ठेवलेल्या दंडगोल कार्ट्रिज, म्हणजे टेपच्या डब्या, यांत्रिक हात उचलून आणायचा. एकेकात माहिती जेमतेम ५० एमबी. १९८४च्या ३४८० ड्राइव्हने उघड्या रिळाऐवजी तळहातावर मावणारी चौकोनी कार्ट्रिज आणली. यंत्राला पकडायला ती सोपी होती, त्यामुळे पुढचं पाऊल सरळ होतं. १९८७मध्ये स्टोरेजटेक कंपनीने ‘नियरलाइन’ लायब्ररी बाजारात आणली. बारा बाजूंचं खोलीएवढं सायलो (कोठार), आत सुमारे ६,००० कार्ट्रिज, मधोमध फिरणारा रोबो, आणि त्याच्या हातावर लेबल वाचणारा कॅमेरा. रोबो बंद पडला तर दार उघडून माणूस आत जायचा आणि हाताने टेप लावायचा. पण रोज कार्ट्रिज हाताळणारं, त्यांच्याकडे पाहणारं कोणी राहिलं नाही.

सोलापूरकरांना हे यंत्रमागावरून चटकन कळेल. आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग आपोआप थांबतो. दोन्हींपैकी काय झालं, हे मात्र जवळ जाऊन पाहावं लागतं. लायब्ररीतही तेच झालं, फक्त जवळ जाणारा माणूस खोलीत नव्हता.

त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर लागायला लागला. एलटीओ कार्ट्रिजमध्ये टेपच्या टोकाला धातूची बारीक पिन असते. ड्राइव्ह ती पकडतो आणि टेप आतल्या रिळावर ओढून नेतो. कार्ट्रिज हातातून पडून पिन जागची सरकली, तर ड्राइव्हला ती सापडत नाही, आणि पडद्यावर दिसतं ‘लोड अयशस्वी’. टेप गुंडाळून बाहेर सोडणं ड्राइव्हला जमलं नाही, तर रोबोचा हात कार्ट्रिज ओढत बसतो आणि शेवटी तक्रार नोंदवतो ती रोबोच्या नावाने. लेबल उचललं गेलं किंवा तिरकं चिकटवलं, तर बारकोड वाचता येत नाही आणि भरलेला खण अनोळखी म्हणून नोंदला जातो. नव्या लायब्ररीचा रोबो हलतच नसेल, तर आधी शिपिंग लॉक (वाहतुकीत रोबो हलू नये म्हणून लावलेली अडसर) काढलंय का ते बघावं. हे राहून जाण्याचे प्रकार हसण्यासारखे असले तरी दुर्मिळ नाहीत.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बरीच मेहनत ऑपरेटरचे डोळे-कान यंत्राला परत देण्यावर झाली. एचपीच्या पुढाकाराने ‘टेपअलर्ट’ आलं. ड्राइव्ह ६४ ठरावीक इशाऱ्यांपैकी लागू पडेल तो बॅकअप सॉफ्टवेअरला कळवतो. चौथा टेपसाठी, विसावा ‘आत्ता साफ करा’, तिसावा हार्डवेअरसाठी. २००० साली एलटीओ आली ती १०० जीबीची कार्ट्रिज आणि तिच्यातच बसवलेली छोटी चिप घेऊन. टेप किती वेळा लोड झाली आणि तिच्यावर चुका किती आल्या, हे चिप सोबत घेऊन फिरते. ६ला उत्तर मिळालं ते इथे. एकच टेप वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये अडत असेल तर टेप खराब. वेगवेगळ्या टेपा एकाच ड्राइव्हमध्ये अडत असतील तर ड्राइव्ह. जुना ऑपरेटरही हेच करायचा, फक्त त्याला वही लागायची.

सफाईच्या बाबतीत अजूनही गोंधळ होतो. सीएलएन अक्षरांनी सुरू होणाऱ्या लेबलाची क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालते. ती संपली तरी खणात पडून राहते, आणि मग ‘सी’ काही केल्या जात नाही. ड्राइव्हने मागितलेली नसताना उगाच फिरवू नये, कारण ती हेड घासते.

टेपची क्षमता वाढली तशी तिची नाजूक बाजूही वाढली. एलटीओ-१च्या सव्वा सेंटिमीटर रुंदीत ३८४ ट्रॅक, म्हणजे माहिती लिहिण्याच्या समांतर पट्ट्या, होते. २०२१च्या एलटीओ-९मध्ये, तेवढ्याच रुंदीत, ८,९६० आहेत, कार्ट्रिजला १८ टीबी. एवढ्या बारीक ट्रॅकना हवेतल्या उष्णतेने आणि दमटपणाने टेप किंचित फुगली-आक्रसली तरी फरक पडतो. म्हणून नवी एलटीओ-९ कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह आपली मोजमापं घेत बसतो, कधी कधी दोन तासांपर्यंत. बिघाड नसताना बिघाड वाटावा असं हे उदाहरण. ड्राइव्ह अडकलाय समजून मध्येच लायब्ररी बंद केली, तर ते काम अर्धवट राहतं.

सोलापुरात आणखी एक भर पडते ती विजेची. वीज जाऊन यूपीएसही संपला, तर रोबोच्या हातात कार्ट्रिज तशीच राहते. वीज परतली की लायब्ररी सगळे खण पुन्हा मोजते. हातातली कार्ट्रिज काही मॉडेल रिकाम्या खणात ठेवून मोकळी होतात, काही दार उघडेपर्यंत हटून बसतात. सर्व्हिस इंजिनियरला पुण्याहून यायचं तर अडीचशे किलोमीटर. निघण्याआधी तो फोनवर लॉग (यंत्राच्या नोंदी) मागतो, आणि मागोमाग विचारतो, ‘तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हला लावून बघितली का?’