जंतूंचे विष मेंदू बिघडवते म्हणून ताप येतो काय?

जंतूंचे विष मेंदूत शिरून तेथील तापमान-नियंत्रण बिघडवते आणि म्हणून ताप चढतो, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. काही जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन या विषारी घटकाला प्रामुख्याने शरीरातील प्रतिकारपेशी ओळखतात. त्या इंटरल्यूकिनसारखी संदेशक प्रथिने सोडतात, त्यांच्या प्रभावाने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते, आणि हे रसायन हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतील तापमान-नियंत्रण करणाऱ्या भागाला, शरीराचे अपेक्षित तापमान, समजा, ३७ वरून ३९ अंश सेल्सिअसवर नेण्यास भाग पाडते. नियंत्रण शाबूतच असते. म्हणूनच या नव्या तापमानापर्यंत पोहोचण्यासाठी, अंग तापलेले असूनही, हुडहुडी भरते आणि त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात. पॅरासिटामॉल जंतूंना मारत नाही, प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. उष्माघातात अपेक्षित तापमान वाढलेलेच नसते, त्यामुळे तेथे हे औषध निरुपयोगी ठरते आणि शरीर बाहेरून थंड करावे लागते.