हलक्या लॅपटॉपचा जड हिशेब

लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचं नाव, रॅम आणि पडद्याचे इंच ठळक अक्षरांत छापलेले असतात. प्रोसेसर किती वीज खातो हे सांगणारा वॅटचा आकडा शोधायचा तर तांत्रिक माहितीच्या तळापर्यंत जावं लागतं, आणि कधीकधी तो तिथेही सापडत नाही. सोबत बाळगायला लॅपटॉप घ्यायचा असेल तर माझ्या मते सुरुवात याच आकड्यापासून करावी. आकार, क्षमता आणि किंमत यांच्यात जी ओढाताण चालते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच प्रश्न असतात. या डब्यातून किती उष्णता बाहेर टाकता येते? आणि त्यात किती ऊर्जा साठवता येते?

प्रोसेसर जी वीज घेतो तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ही वीज क्लॉक स्पीडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडचण अशी की वेग वाढवायचा तर एका मर्यादेनंतर व्होल्टेजही चढवावं लागतं. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले, तर वीज सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी अवाच्या सवा उष्णता सोसायची. जाड लॅपटॉपमध्ये मोठा पंखा आणि तांब्याच्या रुंद नळ्या मावतात, म्हणून तो ती सोसतो. पातळ लॅपटॉप थोडा वेळ जोरात धावतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. लॅपटॉपच्या बाबतीत थंड राहण्याचंही आणता येत नाही.

याचं स्वच्छ उदाहरण २०२० सालचं आहे. ॲपलने एम१ ही चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये घातली आणि पंखा असलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही घातली. रोजच्या किरकोळ कामांत दोघांत फरक जाणवत नव्हता. व्हिडिओ रेंडरिंगसारखं लांबलचक काम दिलं की मात्र पंखावाला पुढे जायचा. तेव्हा प्रोसेसरचं नाव सारखं आहे म्हणून दोन लॅपटॉप सारखेच चालतील असं धरून चालू नये. आपलं काम लेखन, हिशेब आणि ब्राउझरपुरतं असेल तर हा फरक आपल्यापर्यंत पोहोचतही नाही, आणि बिनपंख्याच्या यंत्राची शांतता फुकट मिळते.

आता साठवणीकडे. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण २५० वॅट-तास ऊर्जा मावते (एक वॅट-तास म्हणजे एक वॅट वीज तासभर पुरवणारी ऊर्जा). ५० वॅट-तासांची बॅटरी म्हटली की नुसत्या सेलचंच वजन २०० ग्रॅमच्या आसपास जातं. वर आवरण आणि सर्किट वेगळं. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या १०० वॅट-तासांच्या उंबरठ्यावर थांबतात, त्यामागे विमानप्रवासाचा नियम आहे: त्यापुढची बॅटरी सोबत न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते.

‘दहा तास चालते’ या दाव्याची पडताळणी साध्या भागाकाराने होते. ५० वॅट-तास भागिले दहा तास म्हणजे सरासरी ५ वॅट. पडद्याचा प्रकाश मंद ठेवून व्हिडिओ पाहताना एवढ्यात भागतं, कारण व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये खास वेगळा भाग असतो आणि बाकीचा प्रोसेसर जवळपास झोपलेला असतो. जाहिरातीत बरेचदा याच चाचणीचा आकडा का असतो ते यावरून कळावं. व्हिडिओ कॉल, उघडलेले पंचवीस टॅब आणि पडद्याचा पूर्ण प्रकाश मिळून १२ वॅट खाऊ लागले, तर तीच बॅटरी चार तासांत संपते.

पडद्याचे इंच तर भलतेच फसवे. ते कर्णावर मोजतात, आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. १३.३ इंचांवरून १५.६ वर गेलं की कर्ण १७ टक्के वाढतो, क्षेत्रफळ मात्र सुमारे ३८ टक्के. उजळायची जागा, काच, झाकण, वजन, सगळंच त्यामागोमाग वाढतं. शिवाय कर्ण तोच ठेवून १६:९ ऐवजी १६:१० आकार घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं आणि तेही उंचीत, म्हणजे वाचणाऱ्याला हवं तिथे.

रिझोल्यूशनच्या बाबतीत डोळ्याचीच मर्यादा आड येते. सामान्य निरोगी डोळा एका अंशाच्या कोनाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. ५० सेंटिमीटरवरून पाहताना हे अंतर ०.१४५ मिलिमीटर भरतं, म्हणजे इंचाला साधारण १७५ पिक्सेल. १३.३ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला १६६ पिक्सेल असतात, म्हणजे जवळपास तेवढेच. त्याच आकाराच्या फोर-के पडद्यावर ३३० च्या पुढे. तीक्ष्ण नजरेला त्यातला काही भाग दिसेलही, आणि बारीक देवनागरीतले रफार-अनुस्वार थोडे अधिक रेखीव वाटतील. पण त्यासाठी किंमत आणि बॅटरी दोन्ही मोजायची मला तरी पटत नाही. तो पैसा जास्त प्रखर पडद्यावर घालवलेला बरा. उजेडात बसून काम करताना २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या प्रखरतेचं माप) पडदा डोळ्यांना शिणवतो, ४०० चा सुसह्य असतो.

लॅपटॉप किती लहान असावा याची खालची मर्यादा बोटं ठरवतात. नेहमीच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर असतात आणि पूर्ण ओळ २८ सेंटिमीटरच्या आसपास जाते. १६:९ आकाराच्या १३.३ इंची पडद्याची रुंदी २९.४ सेंटिमीटर. हा आकार इतका रूढ का झाला याचं एक कारण इथे आहे. आयबीएमने १९९५ साली थिंकपॅड ७०१ मध्ये दोन तुकड्यांचा कीबोर्ड बसवला होता. झाकण उघडलं की तो पसरून यंत्राच्या कडांबाहेर यायचा. चातुर्य अफलातून, पण पडदे मोठे झाले आणि त्याची गरजच उरली नाही. २००७ साली आलेला सात इंची असुस ईई पीसी एक किलोहूनही हलका आणि स्वस्त होता, पण त्याच्या कळांवर मोठ्या माणसाची बोटं एकमेकांत अडकायची.

त्याच यंत्रामुळे किमतीबद्दलचा एक गैरसमजही दूर होतो. लहान म्हणजे महाग असं नसतं. लहान, हलकं, मजबूत आणि वेगवान हे सगळं एकदम मागितलं की किंमत चढते. मॅग्नेशियमचा मिश्रधातू ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलका, पण तो घडवणं खर्चिक. कमी विजेवर चालणारी रॅम अनेक पातळ लॅपटॉपमध्ये थेट बोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही. पैसे तोकडे पडत असतील तर मी प्रोसेसरची एक पायरी सोडेन, पण १६ जीबी रॅम सोडणार नाही. फायली साठवणारी एसएसडी पुष्कळ यंत्रांत नंतर बदलता येते, तेवढं आधी विचारून घ्यावं.

वजन पाहताना चार्जरही तराजूत टाकावा. यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर फोनचाही भार त्याच चार्जरवर टाकता येतो. आणि बॅटरी काही शे चार्ज-चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, उष्णतेत त्याहून लवकर. म्हणून ती स्क्रूने बसवली आहे की गोंदाने चिकटवली आहे, हे दुकानातच विचारावं.