शोधनिबंध मागे घेणे: दुरुस्ती की शिक्षा?

छापलेल्या निबंधात चूक निघाली तर पुढच्या एखाद्या अंकात शुद्धिपत्र द्यायचे, ही पद्धत जुनीच. अख्खा निबंधच मागे घेण्याची म्हणजे रिट्रॅक्शनची पद्धतशीर नोंद मात्र उशिरा सुरू झाली. वैद्यकीय संशोधनाच्या मोठ्या सूचीत अशा निबंधांवर खूण पडू लागली ती १९८४ पासून. गैरवर्तनाची व्याख्या तर अमेरिकी केंद्र सरकारने २००० साली नक्की केली: डेटा रचणे, डेटात फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक आणि मतभेद त्यातून स्पष्टपणे वगळले.

संपादकांनी घोळ घातला तो पुढे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले, की निष्कर्ष भरवशाचे नाहीत असे दिसले तर निबंध मागे घ्यावा, कारण लबाडी असो वा साधी चूक. हेतू साहित्य दुरुस्त करण्याचा, लेखकाला शिक्षा करण्याचा नाही. कारण काय आणि निबंध मागे कोण घेतोय, हे नोटिशीत लिहावे, अशीही अपेक्षा होती. कागदावर हे ठीक. पण वाचकाला आधी दिसतो तो पानावरचा शिक्का आणि तो लबाडीला आणि साध्या चुकीला एकच. त्यातच २०१२ मध्ये जीवशास्त्र-वैद्यकातले मागे घेतलेले २,०४७ निबंध तपासले गेले, तेव्हा ६७.४ टक्क्यांच्या मागे गैरवर्तन निघाले. मग शिक्का बसला की लोक लबाडीच धरून चालणार, यात नवल नाही.

या गुंत्याचे सर्वांत बोलके उदाहरण अगदी अलीकडचे. कॅलिफोर्नियातल्या एका खाऱ्या सरोवरातला जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून वाढतो, असा दावा करणारा निबंध २०१० च्या डिसेंबरात ऑनलाइन आला. २०११ मध्ये छापील अंकात तो आला तेव्हा त्याच जर्नलने त्यावरचे आठ आक्षेपही छापले. २०१२ मध्ये इतरांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत दावा टिकला नाही. विज्ञानात असेच व्हायला हवे. विषय तिथे संपला असता. तरी २०२५ च्या जुलैमध्ये संपादकांनी तो निबंध मागे घेतला. लबाडीचा आरोप नाही, हे त्यांनीच सांगितले. प्रयोग मुख्य निष्कर्षाला आधार देत नाहीत आणि रिट्रॅक्शनचे निकष आता रुंदावले आहेत, एवढेच कारण. लेखकांनी विरोध नोंदवला. निष्कर्षाबद्दलचा वाद निबंधांतून लढवायचा असतो, या त्यांच्या म्हणण्यात दम आहे. चुकीचा ठरलेला प्रत्येक निबंध मागे घ्यायचा म्हटले तर ग्रंथालयांची कपाटे अर्धी रिकामी होतील. उलट बाजूही आहे: तो निबंध पुराव्यादाखल कोणी पुढे केला, तर आक्षेप आणि खंडन शोधत बसण्याचे काम वाचकाच्याच गळ्यात पडत होते.

जिथे घाई हवी होती तिथली दिरंगाई वेगळीच. लस आणि आत्ममग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध १९९८ चा. २००४ मध्ये १३ पैकी १० लेखकांनी फक्त त्याचा अन्वयार्थ मागे घेतला, निबंध तसाच राहिला. तो पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडले. लसीचा निबंध छापणाऱ्या जर्नलनेच २०२० मध्ये करोनावरच्या एका औषधाचा निबंध मात्र दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला, कारण मूळ डेटा स्वतंत्र तपासणीसाठी कोणी देईना.

आता प्रश्न एकेका निबंधाचा उरलेला नाही. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, पैकी आठ हजारांवर एकाच प्रकाशन समूहाच्या जर्नलांतले. बहुतेक विशेषांकांतून घुसलेले, पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या टोळ्यांचे. तिथे लेखकाचा हेतू तपासत कोण बसणार? नोटिसाही एकाच साच्याच्या निघतात. जर्नलांच्या प्रभाव गुणांकाची, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याची, मोजणी करणाऱ्या कंपनीने २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांना मिळालेले आणि त्यांनी दिलेले संदर्भ हिशेबातून काढले. निबंधांची संख्या मात्र भाजकात तशीच ठेवली, त्यामुळे ज्या जर्नलने असे निबंध जास्त छापले त्याचा आकडा खाली येणार.