केअरगिव्हर सपोर्ट ग्रुप (गोवा)

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी सांभाळणारी माणसं एकमेकांना जो आधार देतात तो म्हणजे सपोर्ट ग्रुप. डॉक्टर असलाच तर तो बाजूला बसून ऐकतो, बोलायचं काम सुनांचं, मुलींचं, बायकोचं, म्हणजे ज्यांची रात्रीची झोप उडालीय त्यांचं.

गोव्यात म्हाताऱ्यांचं प्रमाण आधीच जास्त, २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे ११.२ टक्के होते, केरळच्या (१२.६) खालोखाल. त्यात पोरं गल्फला, इंग्लंडला नाहीतर बोटीवर, मग सगळं एकाच कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

पण खरा त्रास वेगळाच आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की लोक याला आजार मानतच नाहीत, एकतर वयाचं लक्षण म्हणतात नाहीतर मुलांनी माया लावली नाही, हेळसांड केली म्हणून असं झालं म्हणतात. आता सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की सून मला जेवायला देत नाही (अर्ध्या तासापूर्वी जेवलेल्या असतात, विसरल्या) तर शेजारीण कुणाचं ऐकणार? ग्रुपात पहिल्यांदा आलेली बाई बहुतेक हेच सांगून रडते, आणि समोरच्या चारजणी म्हणतात, अगं आमच्याकडेही हेच. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

बाकीचं निम्मं म्हणजे युक्त्या. संध्याकाळ झाली की घालमेल सुरू होते, 'मला घरी जायचंय', आणि बसलेल्या असतात स्वतःच्याच घरात, कारण मनातलं घर माहेरचं असतं. हे तुमचंच घर म्हणून वाद घालू नका, जाऊया हं, आधी चहा घेऊ म्हणा, विषय बदलतो. दाराला कडी नेहमीच्या जागी न लावता अगदी वर नाहीतर खाली लावा. विहिरीवर जाळी हवीच. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी. भजनाचे शब्द कधीकधी नातवाचं नाव विसरल्यावरही आठवतात, तेव्हा आंघोळ घालताना अभंग लावून बघा.

अडचण अशी की जिला गरज तीच घर सोडून मीटिंगला येऊ शकत नाही. म्हणून आधारच घरी न्यायचा. १०/६६ डिमेन्शिया रिसर्च ग्रुपच्या (६६ टक्के रुग्ण गरीब देशांत पण संशोधन १० टक्क्यांहून कमी, म्हणून हे नाव) कामातून डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी-बार्देश तालुक्यांत ८१ कुटुंबांवर प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर-नर्स नव्हे, थोडं ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक सल्लागार घरोघरी जायच्या, वागणं कसं हाताळायचं, सरकारी योजना कुठल्या हे सांगायच्या, कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून द्यायच्या. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. आजार काही बरा झाला नाही, तो उद्देशही नव्हता.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच चालतं, रात्री दोनला कुणीतरी जागं असतंच. पण तिथे औषधाचे सल्ले मात्र घेऊ नयेत, एकाची झोपेची गोळी दुसऱ्याला पाडू शकते. आणि दोन दिवसांत अचानक बडबड, गुंगी, ओळख न पटणं असं सुरू झालं तर तो 'आजार वाढला' म्हणून सोडून द्यायचा प्रकार नव्हे, लघवीचं इन्फेक्शन किंवा उतरलेलं सोडियम असू शकतं, तेव्हा ग्रुपात विचारत बसू नका, सरळ बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात न्या. एरवी बोलायला कुणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, आणि तुमच्या स्वतःच्या मनाचं बिनसलं तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६.