क्लार्क-राइट सेव्हिंग्ज पद्धत

एका गोडाऊनमधून बऱ्याच दुकानांना माल पोचवायचाय आणि गाड्यांची कपॅसिटी ठरलेली आहे, तर कुठल्या गाडीने कुठली दुकानं कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवणारी ही ह्युरिस्टिक पद्धत. ह्युरिस्टिक म्हणजे सगळ्यात कमी किलोमीटरची गॅरंटी नाही पण बऱ्यापैकी चांगलं उत्तर पटकन मिळतं. गॅरंटी सोडावी लागते कारण एकाच गाडीला 10 दुकानं दिली तरी ती घ्यायचे 36 लाखांवर क्रम होतात, 20 दिली तर साधारण 24 वर 17 शून्यं एवढे, ते एकेक तपासत बसणं कंप्युटरलाही झेपत नाही.

हा प्रॉब्लेम 1959 मधे डँट्झिग आणि रॅम्सर यांनी मांडला, त्यांच्या डोळ्यासमोर होते पंपांना पेट्रोल पोचवणारे टँकर. मग 1964 मधे मँचेस्टरच्या क्लार्क आणि राइट यांनी ही पद्धत छापली.

सुरुवातीला प्रत्येक दुकानाला वेगळी फेरी धरायची, गाडी गेली, माल उतरवला, परत आली. आता समजा अ दुकान गोडाऊनपासून 10 किमी, ब 12 किमी, आणि दोघांमधे 5 किमी. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर 20 आणि 24 मिळून 44 किमी, एकाच फेरीत दोन्ही घेतली तर 10, 5 आणि 12 म्हणजे 27, वाचले 17. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, मोठ्यापासून छोट्यापर्यंत यादी लावायची आणि वरून एकेक जोडी जोडत जायचं. दोघांच्या फेऱ्यांचा सगळा माल मिळून एका गाडीत मावत नसेल तर ती जोडी सोडायची, आणि जे दुकान फेरीच्या मधे अडकलंय, म्हणजे गोडाऊनला थेट लागून नाही, तेही आता जोडता येत नाही.

खरी हुशारी मला वाटतं इथे आहे. गोडाऊनजवळची क आणि ड दुकानं बघा, 3 आणि 4 किमीवर, एकमेकांपासून फक्त 2 किमी. अंतर कमी तरी बचत 5 च, म्हणून अ-ब ची जोडी आधी लागते. जवळचं दुकान आधी उचलत गेलं की लांबची एकटी दुकानं शेवटी उरतात आणि त्यांच्यासाठी मोठी फेरी पडते, तो त्रास इथे बराच कमी होतो.

दोष आहेतच. एकदा जोडलेलं परत सोडत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या छान बसतात पण शेवटच्या वेड्यावाकड्या होतात, कधी गोडाऊनभोवती लांबलचक वळसा घालणाऱ्याही. यावर गॅस्केल आणि येलो या संशोधकांनी बचतीच्या सूत्रातल्या (वर 10 अधिक 12 वजा 5) दोन दुकानांमधल्या अंतराला कमीजास्त वजन द्यायचं सुचवलं. शिवाय तयार फेरीवर नंतर टू-ऑप्ट चालवतात, म्हणजे रस्त्याचे दोन तुकडे काढायचे, मधला भाग उलटा करून जोडायचा, अंतर कमी झालं तरच ठेवायचं.

आणि कपॅसिटी म्हणजे नुसतं वजन धरून चालत नाही, खोकी आकारानेही मावायला हवीत आणि मागून भरायच्या गाडीत शेवटी उतरवायचा माल आधी आत जायला हवा, नाहीतर प्रत्येक दुकानापुढे अर्धी गाडी रिकामी करावी लागते. म्हणून जोडी पक्की करण्याआधी लोडिंगही तपासतात.