विमान वेळापत्रके, छापील (खानदेश)

विमान कंपन्यांनी किंवा स्वतंत्र प्रकाशकांनी ठरावीक हंगामासाठी छापलेली, उड्डाणांच्या वेळा, वार, क्रमांक आणि थांबे देणारी घडीपत्रके, पुस्तिका व जाड संदर्भग्रंथ. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विमानप्रवासाची माहिती मुख्यतः त्यांतूनच मिळे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती जवळजवळ नाहीशी झाली. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) हा क्रम काहीसा उलटा आहे. येथे नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे छापील वेळापत्रके बाजूला पडल्यानंतर. त्यामुळे त्यांचा या प्रदेशातला उपयोग कायम परगावच्या विमानतळासाठी झाला आणि तोही रेल्वेच्या वेळापत्रकाला जोडूनच.

उगम : पहिले छापील विमान वेळापत्रक कोणते, याविषयी एकमत नाही. जर्मनीतील ‘डेलाग’ या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या वायुनौका (झेपेलिन) कंपनीकडे काही जण हा मान देतात. परंतु तिची पहिल्या महायुद्धापूर्वीची उड्डाणे बहुतांशी सहलीची होती. हवामान आणि उतारूंची संख्या पाहून निघणाऱ्या फेरीच्या जाहिरातीला वेळापत्रक म्हणणे कठीण आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९१४ रोजी फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग व टँपा यांदरम्यान सुरू झालेल्या उडत्या बोटीच्या सेवेने सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा छापून प्रसिद्ध केल्या होत्या. ही सेवा चारेक महिने चालली आणि विमानात एका वेळी एकच उतारू बसे. तिचे पत्रक एकपानी असल्याने काही संग्राहक ते हस्तपत्रक मानतात व २५ ऑगस्ट १९१९ रोजी सुरू झालेल्या लंडन–पॅरिस दैनंदिन सेवेपासून गणना करतात. पानांच्या संख्येवर हा भेद करण्यापेक्षा ‘आधी जाहीर केलेली वेळ व ती पाळण्याची हमी’ ही कसोटी अधिक सयुक्तिक वाटते. त्या कसोटीवर १९१४ चे पत्रक टिकते. अनेक कंपन्यांची उड्डाणे एकत्र देणारा मोठा ग्रंथ १९२९ मध्ये अमेरिकेत ‘ऑफिशियल एव्हिएशन गाइड’च्या (पुढे ‘ऑफिशियल एअरलाइन गाइड’) रूपाने निघाला, ब्रिटनमध्ये ‘एबीसी वर्ल्ड एअरवेज गाइड’ १९४६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. दोन्हींचा साचा मुळात रेल्वेचा. मँचेस्टरचा मुद्रक जॉर्ज ब्रॅडशॉ याने १८३९ पासून काढलेल्या रेल्वे वेळापत्रकांशी त्यांचे नाते उघड आहे.

प्रमाणवेळेचा प्रश्न : वेळापत्रकातील आकडा कोणत्या घड्याळाचा, हा प्रश्न खानदेशात विमानाच्या फार आधी रेल्वेने आणला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात चाळीसगाव–जळगावमार्गे भुसावळपर्यंत आली. पुढे नागपूरकडचा फाटा आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याकडचा रस्ता जोडला गेला. त्या काळी मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर बहुतेक रेल्वे कंपन्यांनी हळूहळू स्वीकारलेली मद्रास वेळ ५ तास २१ मिनिटे पुढे होती. जळगाव ७५.५ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे असल्याने तेथील सूर्यघड्याळ सुमारे ५ तास २ मिनिटांचे भरते. म्हणजे जळगावच्या फलाटावरचे रेल्वेचे घड्याळ गावाच्या सूर्यापेक्षा जवळपास १९ मिनिटे पुढे आणि मुंबईचे घड्याळ ११ मिनिटे मागे. मद्रास वेळ रेल्वेने नेमकी केव्हापासून लागू केली याची वर्षे वेगवेगळी दिली जातात. १८७० नंतरच्या दशकात ती टप्प्याटप्प्याने आली असे मानणे अधिक सुरक्षित. भारतीय प्रमाणवेळ (ग्रिनिच + ५ तास ३० मिनिटे) १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबई शहराने मात्र आपली वेळ १९५५ पर्यंत जपली, असे सामान्यतः सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती, हेही जुनी वेळापत्रके वाचताना ध्यानात ठेवावे लागते. आंतरराष्ट्रीय विमान वेळापत्रकांनी प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापण्याचा संकेत स्वीकारला. पोहोचण्याच्या वेळेपुढचे ‘+१’ हे चिन्ह दुसऱ्या दिवसाचे.

रचना : रेल्वेच्या तक्त्यात स्थानके उभ्या ओळीत येतात व प्रत्येक गाडीला एक स्तंभ असतो, मुंबईकडची ‘अप’, मुंबईपासून दूर जाणारी ‘डाऊन’. मोठ्या विमान मार्गदर्शकांत मात्र शहरांच्या जोड्या असत. निघण्याचे गाव वर्णानुक्रमाने, त्याखाली पोहोचण्याचे गाव आणि त्याखाली एकेका ओळीत उड्डाणे. वारांसाठी १ ते ७ हे अंक वापरत. १ म्हणजे सोमवार. ‘१३५’ असे छापलेले उड्डाण सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचे, तर ‘एक्स७’ म्हणजे रविवार सोडून रोज. पुढे विमानाचा प्रकार, वर्ग व थांब्यांची संख्या. छापलेली वेळ आकाशातल्या प्रवासाची नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा काळ तीत धरलेला असतो, म्हणून गजबजलेल्या विमानतळाकडे जाणाऱ्या छोट्या उड्डाणाची छापील वेळ अंतराच्या मानाने मोठी दिसते. हंगाम दोन : उन्हाळी (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून) व हिवाळी (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून). युरोपातील घड्याळबदलाशी जुळवलेली ही विभागणी आपल्या ऋतूंशी जुळत नाही, तरी भारतातही तीच पाळली जाते.

भारतातील वाटचाल : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले व नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या साप्ताहिक सेवेची वेळ लंडनहून कराचीस येणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या टपालावर बेतलेली होती. खानदेशला ही पद्धत नवी नव्हती. भुसावळवरून जाणारी पंजाब मेल (तिचा आरंभ बहुधा १९१२ चा) मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर येणाऱ्या विलायती बोटीशी जुळवलेली असे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत वेळापत्रक म्हणजे व्यवहारात इंडियन एअरलाइन्सची पुस्तिका. एअर इंडियाच्या पुस्तिकांवर १९४६ मध्ये बॉबी कुका व चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला महाराजा झळकत असे आणि संग्राहकांत आज त्यांनाच अधिक मागणी आहे. इंडियन एअरलाइन्सच्या पुस्तिका दिसायला साध्या, पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहेत.

खानदेशातील वापर : या पुस्तिकांत खानदेशाची स्वतःची ओळ नव्हती. सर्वांत जवळची नोंद औरंगाबादची (संकेत आयएक्सयू), आणि ती प्रामुख्याने दिल्ली–राजस्थान–मुंबई या पर्यटक मार्गावरचा थांबा म्हणून. अजिंठ्याची लेणी रस्त्याने जळगावपासून सुमारे ६० किमी., म्हणजे औरंगाबादपेक्षा बरीच जवळ. तरी विमानाने येणारा पर्यटक औरंगाबादला उतरे आणि रेल्वेने येणारा जळगावला. एकाच लेण्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा दोन वेगळ्या वेळापत्रकांत विभागल्या गेल्या, ही गोष्ट अजिंठ्यावरच्या लेखनात क्वचितच लक्षात घेतली जाते. जिल्ह्यातून परदेशी किंवा दूरच्या शहराला जाणाऱ्याला आधी रेल्वेचे वेळापत्रक उघडावे लागे : भुसावळ–जळगावहून रात्री निघून पहाटे कल्याण किंवा दादरला पोहोचणारी गाडी, तिला उशीर होईल म्हणून हाताशी ठेवलेले चार-सहा तास, मग सांताक्रुझचे उड्डाण. नंदुरबारकडून ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरत गाठता येई, पण विमानासाठी तेथूनही पुढे मुंबईच. रेल्वेची पुस्तके फलाटावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे मिळत. विमानाची पुस्तिका मात्र तिकीट काढणाऱ्या एजंटकडेच असे. प्रवाशाच्या हाती येई ती त्याने कागदावर उतरून दिलेली वेळ. रेल्वेचे ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ हे वेळापत्रक (१९७७ पासून) घरोघरच्या फडताळात राहिले, तसे विमान वेळापत्रक खानदेशातील घरात कधी शिरले नाही.

ऱ्हासाची कारणे : इंटरनेटला सर्व दोष देणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. मूळ बदल १९६० च्या दशकात झाला. ‘सेबर’सारख्या संगणकीय आरक्षण प्रणाली आल्यावर वेळापत्रकाची मूळ प्रत संगणकात गेली व छापील पुस्तक तिचा महिनाभर शिळा उतारा ठरले. दुसरे कारण स्पर्धा. अमेरिकेत विमानसेवा नियंत्रणमुक्त करणाऱ्या १९७८ च्या कायद्याने आणि भारतात १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द झाल्याने कंपन्या हंगामाच्या मध्येच मार्ग आणि वेळा बदलू लागल्या. तिसरे, कमी चर्चिलेले कारण उड्डाणांच्या सामायिक क्रमांकांचे. दोन-तीन कंपन्या एकाच विमानाला आपापला क्रमांक देऊ लागल्यामुळे एका फेरीच्या तीन ओळी छापाव्या लागत. ग्रंथ फुगले, टपालखर्च वाढला, माहिती मात्र तेवढीच राहिली. त्यानंतर संकेतस्थळावरून थेट विक्री आली. भारतात २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने तिला मोठी चालना दिली. भाडेही मागणीनुसार बदलू लागले. जून २००८ पासून आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयाटा’ने कागदी तिकीट बंद केले आणि एजंटच्या टेबलावरच्या पुस्तकाचे उरलेसुरले काम संपले. रेल्वेत ही घसरण उशिरा व संथ झाली. युरोपातील टॉमस कुक यांचे १८७३ पासूनचे रेल्वे वेळापत्रक २०१३ मध्ये थांबले (पुढच्याच वर्षी ते दुसऱ्या प्रकाशनाने पुन्हा सुरू केले).

जळगाव विमानतळ व नंतरची स्थिती : जळगावजवळ कुसुंबा येथील विमानतळाचे (संकेत जेएलजी) उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनी विमानाने मुंबई सेवा सुरू केली. ती पुढच्या वर्षीच बंद पडली. ट्रूजेटने २०१९ मध्ये अहमदाबाद व मुंबई जोडले आणि २०२२ च्या सुरुवातीस तिचाही कारभार थांबला. २०२४ मध्ये फ्लाय९१ व अलायन्स एअर यांची उड्डाणे सुरू झाली. मुंबईच्या भरगच्च धावपट्टीवर मिळेल ती वेळ घ्यायची, हीच अशा सेवांची मोठी अडचण. जळगावहून निघण्याची वेळ त्यामुळे जळगावच्या सोयीने ठरत नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून नियमित प्रवासी सेवा नाही.

सध्याच्या उड्डाणांचे हंगामी वेळापत्रक नागरी विमान वाहतूक महासंचालनालय मंजूर करते आणि ते संगणकीय स्वरूपात प्रसिद्ध होते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फक्त पुढच्या तारखा दिसतात. उलटून गेलेली तारीख शोधता येत नाही. इंडियन एअरलाइन्सची १९७० च्या दशकातली औरंगाबादची वेळ जुन्या पुस्तिकेतून आजही काढता येते. ट्रूजेटचे २०१९ मधले जळगावचे उड्डाण किती वाजता सुटे, यासाठी मात्र महासंचालनालयाचे जुने तक्ते आणि त्या वेळची स्थानिक दैनिके चाळावी लागतात.